प्रिंटरला शिव्या देण्याआधी: जुन्या कॉम्प्युटरवर कागद काढताना या चुका टाळा

पीककर्जाच्या फायलींचे दिवस होते. दुकानात ओल्या छत्र्या, बाकड्यावर जागा नाही. एक काकाजी हातातला कागद चष्म्याजवळ नेत म्हणाले, "भाऊ, माह्या वावराचा गट नंबर पंचेचाळीस बाय दोन हाय. मंधात हे ‘ध’ कुठून आलं?"

कागद पाहिला. स्वच्छ, ठळक छपाई. ‘गट क्र. ४५ध्२’. प्रतिज्ञापत्र दुसरीकडे टाइप झालेलं होतं, पेन ड्राइव्हमध्ये आलं आणि आम्ही फक्त प्रिंट मारली. तोवर माझ्याकडच्या पोराने प्रिंटर दोनदा बंद-चालू केला, कार्ट्रिज काढून हलवलं आणि आणखी तीन कागद वाया घालवले. तिन्हींवर तोच ‘ध’.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म, दाखले आणि झेरॉक्सचं माझं दुकान आहे. एक कॉम्प्युटर विंडोज ७ वर चालतो, दुसरा त्याहून म्हातारा, एक्सपीवाला. जुना स्कॅनर फक्त त्यालाच ओळखतो म्हणून ठेवला आहे. ही दोन मशीनं रोज काहीतरी शिकवतात, आणि बहुतेक वेळा प्रिंटर निर्दोष सुटतो.

पडदा न पाहताच प्रिंटर उघडणे

कागदावर जे चुकलं ते पडद्यावरही चुकलेलं आहे का? हे आधी पाहा. पडद्यावरच ‘ध’ असेल तर बिचारा प्रिंटर काय करणार! पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक असेल, तर दोष ड्रायव्हरचा (म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमचा), केबलचा किंवा प्रिंटरचा. मग प्रिंटरच्या स्वतःच्या बटणावरून चाचणीचं पान काढा. बऱ्याच लेझर प्रिंटरांत बटण थोडा वेळ दाबून धरलं की ते निघतं. ऑल-इन-वन असेल तर सरळ काचेवर कागद ठेवून झेरॉक्स मारा. ती चांगली आली तर मशीन ठणठणीत आहे, स्क्रूड्रायव्हर परत ठेवा.

पानामागून पान निघतंय आणि प्रत्येकावर टक्क्याचं चिन्ह, उण्याची रेघ, १२३४५ असे आकडे किंवा असंच अगम्य काहीतरी? तो भलत्या ड्रायव्हरचा परिणाम. कॉम्प्युटर एका भाषेत बोलतोय, प्रिंटरला दुसरी कळते. आधी कागद काढून घ्या, नाहीतर रीम संपेपर्यंत तो थांबत नाही.

अक्षरं बिघडली की ‘फॉन्ट गेला’ म्हणून मोकळं होणे

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बिघाडाचे तीन चेहरे आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ‘आम्ही’ या शब्दाच्या जागी व्ही, के, ई, जी, एच अशी अक्षरं दिसतात, तर मजकूर कृतिदेवमध्ये टाइप झालेला आहे आणि तुमच्या मशीनवर कृतिदेव नाही. अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना मराठी अंगरखा घालतो, तो काढला की आतलं उघडं पडतं. तोच फॉन्ट टाकला की काम होतं. त्याच नावाचे आकडे बदललेले भाऊबंद खूप आहेत, म्हणून टाइप करणाऱ्याला नेमका आकडा विचारा. ०१० म्हणजे ०१०.

नुसते चौकोन दिसतात, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे (म्हणजे फाइलच्या पोटातही खरी मराठी अक्षरंच आहेत), पण देवनागरी दाखवणारा फॉन्ट मशीनला सापडत नाही. विंडोजचा मंगल हा देवनागरी फॉन्ट कोणीतरी उडवलेला असतो किंवा प्रोग्रॅमच फार जुना असतो.

तिसरा चेहरा फसवा. अक्षरं ओळखू येतात, पण ‘विदर्भ’मधली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते, रफार खाली पाय मोडून पडतो. हा एक्सपीचा आजार. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’च्या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे मराठीसारख्या जोडाक्षरं असलेल्या लिप्यांच्या, फायली टाकण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. त्याला विंडोजची सीडी लागते, तेवढी शोधून ठेवा. विंडोज ७ मध्ये यातलं काही करावं लागत नाही.

आता काकाजींचा ‘ध’. कृतिदेवच्या कीबोर्डवर तिरप्या रेघेच्या बटणावर अर्धा ‘ध’ आहे, आणि खरी तिरपी रेघ ‘ॲट द रेट’च्या बटणावर. टाइप करणाऱ्याने गट नंबर इंग्रजी फॉन्टमध्ये ४५/२ असा टाकला असणार, आणि शेवटी सगळं सिलेक्ट करून एकदम कृतिदेव लावला असणार. रेघेचा ‘ध’ झाला. उलटंही होतं. फॉन्ट गेला की ४५ आणि २ च्या मधात ‘ॲट द रेट’चं चिन्ह उगवतं. कर्जाच्या कागदावर असा एक ‘ध’ म्हणजे पुन्हा एक खेप. एका बसची, एका मजुरीच्या दिवसाची.

याच्याही वरची चूक म्हणजे कृतिदेवचा मजकूर सिलेक्ट करून त्याला मंगल लावणे आणि घाबरून सेव्ह दाबणे. फॉन्ट बदलल्याने कृतिदेवचं युनिकोड होत नाही, त्यासाठी कन्व्हर्टरमधूनच, म्हणजे एकातून दुसऱ्यात बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधूनच, मजकूर काढावा लागतो. मूळ फाइलची कॉपी करून कॉपीवर काम करा. आणि कन्व्हर्टरने दिलेलं डोळे मिटून घेऊ नका. रफार असलेली नावं, गट नंबर, तारखा आणि रकमा मूळ कागदाला लावून वाचा. मी ग्राहकालाच मोठ्याने वाचायला लावतो. स्वतःच्या वावराचा आकडा माणूस चुकवत नाही.

फाइल पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला सांगा, बावा, पीडीएफ करून पाठव. वर्ड २०१० पासून ‘सेव्ह ॲज’मध्येच ती सोय आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलसोबतच प्रवास करतो. खात्री करायची तर ॲडोबी रीडरमध्ये फाइल मेनूतून प्रॉपर्टीज उघडून ‘फॉन्ट्स’ पाहा. नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलं असेल तर पडद्यावर अक्षरं कुठेही बिघडायची नाहीत.

पीडीएफ उघडत नाही म्हणजे फाइल खराब, असं समजणे

ई-आधारची फाइल पासवर्ड मागते तेव्हा लोक ओटीपी टाकत बसतात. पासवर्ड असतो आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि लगेच पुढे जन्माचं वर्ष. गणेश, जन्म १९८७, तर जी, ए, एन, ई आणि १९८७. मधात जागा सोडायची नाही. नाव आधारवर जसं आहे तसं घ्या, गावात हाक मारतात ते नाही.

त्याच कागदावर पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसलं की काही दुकानदार ग्राहकाला सांगतात, "हे डुप्लिकेट आहे." तसं नसतं. रीडर भारताच्या प्रमाणपत्र यंत्रणेला आपणहून ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर उजवं क्लिक करा, व्हॅलिडेट म्हणा, प्रॉपर्टीजमधून सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडा. प्रमाणपत्रांच्या साखळीत सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया’ (डिजिटल सह्यांची सरकारी नियंत्रक यंत्रणा) दिसत असेल तरच त्याला ट्रस्टमध्ये घ्या आणि पुन्हा तपासा. हिरवी खूण येते. हे ॲडोबी रीडरमध्येच करा, क्रोम सही तपासत नाही. पंधरा रुपयांचा डिजिटल सातबारा असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या पोर्टलवर टाकून पाहता येतो.

एकदा आमच्या पोराने एका ताईंना ‘प्लीज वेट’ एवढंच छापलेलं पान काढून दिलं. त्याच्या मते फॉर्म तोच होता! काही पीडीएफ फॉर्म वेगळ्या बांधणीचे असतात आणि ब्राउझरमध्ये हेच वाक्य दाखवत बसतात. फाइल डाउनलोड करून ॲडोबी रीडरमध्ये उघडली की खरा फॉर्म येतो.

घड्याळाकडे दुर्लक्ष

सकाळी मशीन चालू केलं आणि सगळ्याच सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडल्या, तर इंटरनेटवाल्याला फोन लावण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं, कधी कधी थेट दहा-पंधरा वर्षं. साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं, मग कॉम्प्युटर त्यावर विश्वास कसा ठेवणार? तारीख नीट करा, सेल बदला. चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. मी पाहिलंय, एका माणसाने एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकून घेतलं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर गमावून बसला.

तारीख बरोबर असूनही साइट अडत असतील तर मशीनच्या वयाचा भाग असतो. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९. फायरफॉक्सचं ११५ विंडोज ७ वर चालतं आणि ते विश्वासाच्या प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतं, म्हणून क्रोमने नाकारलेली साइट तिथे कधी कधी उघडते. एक्सपीवर मात्र बँकेचं किंवा आधारचं काही करू नका. तो आमच्याकडे स्कॅनिंगपुरताच, इंटरनेटची वायर काढलेली.

प्रिंट येत नाही म्हणून दाबत राहणे

आली नाही, पुन्हा दाबलं. आली नाही, पुन्हा. मग अचानक सातच्या सात प्रती. पहिलं काम रांगेत अडकलेलं असतं आणि मागची सगळी त्याच्या मागे उभी. रांग उघडून ‘कॅन्सल’ करा. ‘डिलीटिंग’ लिहून तिथेच अडून बसलं, तर स्टार्टमधून ‘सर्व्हिसेस’ उघडा, ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा आणि स्पूलर परत सुरू करा. फक्त आतल्या फायली, फोल्डर नाही.

प्रिंटर चालू आहे, केबल लागलेली आहे, तरी ‘ऑफलाइन’? झाडताना केबल काढून दुसऱ्या यूएसबीच्या खाचेत लावली का, ते विचारा. विंडोज त्याला नवीन प्रिंटर समजून शेवटी ‘कॉपी १’ लावलेलं दुसरं नाव तयार करतं, आणि आपण जुन्या नावावर प्रिंटा पाठवत राहतो. केबल मूळ खाचेत लावा किंवा ‘कॉपी १’ला डिफॉल्ट करा. माझ्याकडे खाचेला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. बायकोची बाटली, तिला अजून माहीत नाही.

कागद भरलेला असून दिवा लुकलुकतोय, तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार ‘लेटर’ आहे का पाहा. नवा ड्रायव्हर टाकला की बरेचदा तोच येतो. लेटर हा ए-४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. रीडरमध्येही ‘फिट’ आणि ‘ॲक्च्युअल साइझ’ यांतला फरक ओळखा. कडेचा मजकूर कापला जात असेल तर ‘फिट’, फोटोचा किंवा ओळखपत्राचा आकार नेमका हवा असेल तर ‘ॲक्च्युअल साइझ’.

पडद्यावर पीडीएफ सुंदर, कागदावर मात्र मराठी गायब किंवा अर्धं पान कोरं. प्रिंटच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट ॲज इमेज’वर टिक करा. वेळ जास्त लागतो, पण अक्षरं जशी दिसतात तशी उतरतात. आमच्या दहा अडलेल्या पीडीएफांपैकी निम्म्या याच्यावर सुटतात.

वीज, ओल आणि व्हॉट्सॲप

लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. आतला हीटर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस कोलमडतो आणि सोबत उघडी फाइलही जाते.

आपल्याकडे मे महिन्यात कागद कुरकुरीत, जुलैत सादळलेल्या पापडासारखा मऊ. ओल धरलेला कागद दोन-दोन करून ओढला जातो, अडकतो, छपाई फिकी येते. ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद ठेवा, बाकीची रीम वेष्टनात, फरशीपासून वर. आणि रात्री प्रिंटर झाकत जा. माझ्याकडे एकदा ‘पेपर जाम’ म्हणून उघडला, तर आत पाल होती.

व्हॉट्सॲपवर कागद फोटो म्हणून आला की तो दाबला जाऊन येतो, आणि क्यूआर कोड बरेचदा स्कॅन होत नाही. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

शटर ओढण्याआधी डाउनलोडचं फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामं करतो. लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, सगळं तिथे साचलेलं असतं. त्या दिवशी काकाजींचं प्रतिज्ञापत्र मात्र नीट करून ठेवलं, कारण ते दुसऱ्या दिवशी परत येणारच होते. आले, चष्मा लावून पहिल्यांदा गट नंबर वाचला, मग म्हणाले, "आता बरोबर हाय. पन भाऊ, ते कालचे तीन कागद कोनाच्या हिशोबात?"

माझ्या.