सरकारी कामातल्या गैरव्यवहाराची तुमची बातमी छापून आली. आता चौकशीचा अहवाल कसा काढायचा?

बातमी आली की तालुक्यात दोन-चार दिवस कात्रणे फिरतात, चहाच्या टपरीवर चर्चा रंगते. त्यात रमू नका. अंक, पुरावे, फोटो तारखेनिशी फाईलला लावा.

आठवडाभरात ‘चौकशीचे आदेश’ निघतात. त्यावर ‘आमच्या बातमीचा दणका’ असा मथळा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दणका अजून कुणालाच बसलेला नसतो.

खरी पंचाईत पुढे. केव्हाही विचारा, उत्तर एकच: ‘चौकशी सुरू आहे.’ तोवर बंधारा पुराने वाहून जातो, साहेब बदलीवर जातात, घोंगडे भिजत पडते. मीही इथेच कित्येकदा अडकलो. वाट निघते ती पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावरून. आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख तिथून उतरवून घ्या, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका: जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘कारवाई का झाली नाही?’ हे विचारूच नका. ‘का’चे उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी (अर्जावर माहिती देणारा अधिकारी) बांधील नाही. कागद मागा: चौकशी अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे पत्र, अहवाल, त्यावरची कार्यालयीन टिप्पणी, कामाची एमबी, म्हणजे मोजमापाची नोंदवही.

आणि एक गोष्ट जिवापाड सांभाळा. जो कागद आतल्या माणसाने आधीच तुम्हाला दिलाय, तो पान नंबरासकट मागू नका. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या कारकुनाकडे सगळ्यांचे डोळे वळतात. त्याच्या आगेमागचे चार कागद मागा, तोही त्यात येतोच.

३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून नकार आला तर अपिलात लिहा: नुसता तपास चालू असणे हे नकाराचे कारण होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. दुसरे अपील ९० दिवसांत, माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे (विदर्भात नागपूर किंवा अमरावती). तिथे तारीख लागायला वेळ लागतो, म्हणून त्यावरच विसंबू नका.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते. आमदाराला कागद दिवाळीतच द्या. अधिवेशनाच्या तोंडावर नेलेल्या फाईलचा तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) होत नाही. सभागृहात ‘वसुली केली’ असे उत्तर आले, तर लगेच पैसे भरल्याच्या चलनाची प्रत मागा.