भौतिक बदल की रासायनिक? घरातल्याच वस्तूंवर कसं ओळखायचं

लेकीने पाठ केलं होतं, परत फिरवता येतो तो भौतिक बदल आणि येत नाही तो रासायनिक. नियम अगदीच वाईट नाही, पण आमच्या मालवणातल्या स्वयंपाकघरात आणला की दोनतीनदा तोंडावर आपटतो. मग आम्ही एका रविवारी घरातच करून बघितलं, तुम्हीपण करा.

सुरुवात खोबरेल तेलाने करायची. थंडीत पारा 24 अंशांच्या खाली गेला की बाटलीत थिजतं ना, ती बाटली उन्हात ठेवा, पातळ होईल, वास तोच तेल तेच. भौतिक, विषय संपला.

मग समुद्राचं 1 लिटर पाणी फडक्याने गाळून पसरट ताटात उन्हात ठेवा. पाणी उडून जातं आणि साधारण 35 ग्रॅम खार तळाला उरतो, थोडा कडसर लागतो कारण त्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारपण असतात. नवीन काही बनलं नाही, होतं तेच वेगळं झालं. शिरोड्याच्या मिठागरांत (1930 च्या सत्याग्रहवाल्या) मीठ याच तत्त्वावर पिकायचं.

आता खरी मजा. तिसऱ्यांचं (खायच्या शिंपल्यांचं) सुकं खाऊन झालं की शिंपल्या टाकू नका. एक धुवून वरवंट्याने कुटा, पांढरी भुकटी होईल, पण आहे ती शिंपलीच. दुसरी वाटीभर व्हिनेगरमध्ये सोडा. बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. पण नुसत्या बुडबुड्यांवर भरवसा ठेवायचा नाही हं, सोड्याची बाटली उघडली तरी बुडबुडे येतातच की, तो गॅस आधीच आत विरघळलेला असतो. म्हणून दोनेक दिवसांनी ते व्हिनेगर गाळून बशीत सुकू द्या. जो पांढरा थर बसेल तो खरवडून पाण्यात टाका, विरघळतो. कुटलेली भुकटी मात्र कितीही ढवळा, तळाशीच बसते. दिसायला दोन्ही पांढरेच, पण पदार्थ वेगळा झाला, म्हणजे रासायनिक. हीच शिंपली भट्टीत भाजली की चुना होतो, तोपण रासायनिक, पण अशा ताज्या भाजलेल्या, कळीच्या चुन्यावर पाणी ओतायचा प्रयोग घरी नको, उकळी फुटल्यासारखा तापतो आणि डोळ्यात उडाला तर वाट लागते.

लेकीचा नियम कुठे फसला, तर हळदीत. माशाच्या कालवणाचा डाग पडलेला शर्ट साबणात घातला आणि डाग लालभडक, ती घाबरलीच. त्यावर लिंबू पिळलं तर परत पिवळा! आता फिरवता आलं म्हणून भौतिक म्हणायचं का? नाही, साबणाच्या अल्कलीने हळदीच्या रंगद्रव्याचा रेणूच बदलतो, लिंबाने तो पूर्वपदावर येतो. म्हणजे प्रश्न विचारायचा तो एकच, मधे काही नवीन पदार्थ तयार झाला का.

गंजालाही हाच प्रश्न. खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडकीचे गज दर पावसाळ्यात सोलतात. गज वाकला तर भौतिक, पण तांबूस पापुद्रा खरवडून बारीक करा आणि जुन्या स्पीकरचं मॅग्नेट जवळ न्या, लोखंड खटकन चिकटतं, गंज जवळजवळ ढिम्म, म्हणजे पदार्थच नवा, रासायनिक. थोडी पूड चिकटलीच तर त्यात लोखंडाचे कण आले असतील.

काही ठिकाणी दोन्ही एकदम चालतं. वलांडीवर (मासळी वाळवायच्या दांडीवर) वाळणाऱ्या बोंबलातून पाणी उडतं ते भौतिक, आणि दुसऱ्या दिवसापासून जो वास अख्ख्या वाडीला कळतो तो रासायनिक. पाहुणे यायच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका.