बोर्डाची पिन ऐकत नाही? लिनक्स कर्नललाच विचारा

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला बोर्ड, डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलीत) पुल-अप, म्हणजे पिन 'हाय'कडे ओढून धरणारा रोध, लिहिलेला, तरी पिन ढिम्म. मल्टिमीटर नंतर काढा.

१. रूट होऊन डीबग-एफएस, म्हणजे कर्नलच्या पोटातली माहिती फाइलींसारखी दाखवणारी फाइलसिस्टिम, माउंट करा. बऱ्याचदा ते आधीच झालेलं असतं.
२. त्यातल्या 'पिनसीटीआरएल' डिरेक्टरीत आपल्या पिन कंट्रोलरचं (पिना सांभाळणाऱ्या हार्डवेअरचं) नाव शोधा.
३. तिथली 'पिनमक्स-पिन्स' फाइल कॅट करून वाचा. पिन कुणी धरून ठेवलीय ते नावानिशी दिसतं. माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटतात.
४. पुल-अप वगैरेसाठी 'पिनकॉन्फ-पिन्स'.

पिनपुढची जागा कोरी आणि ड्रायव्हर तुमचाच? मग त्याच्या पिनकॉन्फ-ऑप्समध्ये (पिन-सेटिंगच्या फंक्शनांच्या स्ट्रक्टमध्ये) 'पिन_कॉन्फिग_डीबीजी_शो' हे फंक्शन भरा: रजिस्टर वाचायचं, एक ओळ छापायची, बस्स.

'पिनमक्स-सिलेक्ट'मध्ये मात्र उगाच लिहू नका. चालू बोर्डावरचं मक्सिंग, म्हणजे कुठली पिन कुठल्या कामाला ते, खरंच बदलतं.