पुनर्बांधणी केलेल्या पियानोचा शेवटचा हप्ता

पियानो सुपूर्द केला की काम संपले, असे या व्यवसायात नव्याने आलेल्यांना वाटते. हिशोबाचा नाजूक काळ मात्र तिथूनच सुरू होतो. नव्या तारा काही महिने ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षात पियानो वारंवार सुरात लावावा लागतो. वाजवण्याने तारांवर आपटणाऱ्या हॅमरचे फेल्ट (लोकरीचा दाट थर) दबून स्वर टोकदार होतो आणि दमट हवेत सांध्यांतले कापड फुगून एखादी पट्टी जड पडते. हे निकृष्ट कामाचे लक्षण नाही, परंतु मालकाला ते आधी सांगावे लागते; नंतर सांगितलेले कारण सबब वाटते.

करारात ‘उरलेली रक्कम पूर्ण समाधान झाल्यावर’ असे वाक्य कधीही लिहू नका. या वाक्याने माझी मोठी रक्कम दीर्घकाळ अडकली होती, आणि तो मालक अप्रामाणिक मुळीच नव्हता. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते का, मधला ‘ए’ 440 हर्ट्झवर आहे का, हे मोजता येते. ‘स्वर अजून थोडा मऊ हवा’ याला माप नाही. शिवाय हॅमरच्या फेल्टला सुईने टोचून एक स्वर मऊ केला की शेजारचा स्वर, जो कालपर्यंत कुणाला खटकला नव्हता, तोच कर्कश वाटू लागतो, आणि कान जसजसा सरावतो तसतशी तक्रारींची यादी आपोआप लांबत जाते. प्रत्येक नव्या ओळीबरोबर तुमचा संपूर्ण हप्ता पुढे ढकलला जातो.

म्हणून सुपूर्द करतानाच मालकासोबत बसून सर्व 88 पट्ट्या एकेक करून वाजवा, उणिवा लिहून काढा, खाली दोघांच्या सह्या व तारीख घ्या, आणि त्या यादीतील कामाच्या मानाने छोटी रक्कम राखून बाकीची तेव्हाच मागा. यादी पूर्ण होताच राखीव रक्कम देय होते. त्यानंतर आढळलेली उणीव हमीत मोडते, हप्त्यात नाही. पुढील ट्यूनिंग मूळ दरात धरले आहे की वेगळे, हेही आधीच लिहा.

सगळे पैसे हाती येईपर्यंत दुरुस्तीला पाऊलच टाकू नये, असे सांगणारे ज्येष्ठ भेटतील. मला तो सल्ला घातक वाटतो. नव्या पिनब्लॉकमध्ये, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना घट्ट धरणाऱ्या लाकडी फळीत, पिन सरकत असेल किंवा डॅम्पर (तारेचा नाद बंद करणारा भाग) तार थांबवत नसेल, तर पैशाचा विषय न काढता तातडीने जा. तक्रार आली की एक मोफत ट्यूनिंग देऊन वेळ मारून नेणे ही पळवाटही तितकीच वाईट, कारण मूळ दोष तसाच राहतो.

घाबरून जाऊ नका. यादी समोर असली की बहुतेक मालक विनातक्रार पैसे देतात. तरीही अडले, तर दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासणी करवून घ्या, मात्र त्याने केवळ सही केलेल्या यादीपुरतेच मत द्यावे आणि त्याचे शुल्क कोणी भरायचे हे तपासणीपूर्वीच ठरलेले असावे.