मिनी मिलिंग मशीन बंद पडलंय? नवा बोर्ड मागवण्याआधी या चुका टाळा

मशीनला सप्लाय आहे, दिवा लागतोय, पण स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा) जागचा हलत नाही. लगेच निदान होतं, ‘बोर्ड गेला’, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोल बोर्ड जळाला. नवा बोर्ड बसतो, दोन-चार कट नीट होतात आणि तोही उडतो. अशा वेळी पहिला बोर्ड मोटरनेच उडवलेला असण्याची शक्यता मोठी. म्हणून मोटर आणि बोर्ड वेगवेगळे तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. पुढचं सगळं ब्रशवाल्या (कार्बनच्या तुकड्यांतून फिरत्या भागाला करंट देणाऱ्या), कायम चुंबकाच्या डीसी मोटरसाठी आहे. ब्रशलेस मोटरला या चाचण्या चालत नाहीत.

प्लग काढला म्हणजे बोर्ड निर्धोक झाला, असं समजू नका. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर (म्हणजे डीसीत बदलल्यावर) कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही टिकू शकतात. आधी मीटरने मोजा. व्होल्टेज उरलं असेल तर १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी अर्धा मिनिट लावा आणि परत मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं की फटाका छान वाजतो, पण बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅकही उखडतो. दुसरं म्हणजे अशा अनेक बोर्डांत मेन्सपासून आयसोलेशन (विद्युत फारकत) नसतं. स्पीड पॉटच्या (वेग कमी-जास्त करायच्या नॉबच्या) बारीक तारा दिसायला निरुपद्रवी असल्या, तरी सप्लाय चालू असताना त्यांना हात लावू नका.

मग साध्या गोष्टी. प्लग काढून स्पिंडल हाताने फिरवा. जड लागला तर बेअरिंग किंवा गिअर बघा. मोटरचा आवाज येतोय पण स्पिंडल थांबलेला आहे, तर प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेत किंवा बेल्ट सुटलाय. चिप गार्डचा (उडणारा कीस अडवणाऱ्या झाकणाचा) मायक्रोस्विच आणि इमर्जन्सी स्टॉप मीटरच्या कंटिन्युइटी रेंजवर तपासा. बऱ्याच मशीन पॉट शून्यावर आणल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेवढ्यावरूनही बोर्ड बदलले जातात.

फ्यूज बदलण्यापूर्वी नीट बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार फक्त मध्ये वितळलेली असेल, तर बहुधा ओव्हरलोड. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी मोसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जाणार.

आता मोटर. तिच्या दोन्ही तारा बोर्डपासून पूर्ण सोडवा आणि १२ व्होल्टची बॅटरी ५ अँपिअरच्या फ्यूजमधून जोडा. धडधाकट मोटर हळू पण सलग फिरते. एका ठरावीक जागी अडत असेल आणि ढकलल्यावर सुटत असेल, तर कम्युटेटरचा (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाचा) सेगमेंट किंवा ब्रश खराब आहे. बॅटरी काढून दोन तारांमधला रेझिस्टन्स बघत शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. काही ओहमचं रीडिंग थोडं हलणारच, पण एखाद्या जागी मीटर ओपन (जोडणी तुटलेली) दाखवायला नको.

यानंतरची चाचणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. प्रत्येक तार आणि मोटरची बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मेगाओहमच्या रेंजवर मोजा. मीटरने ओपन दाखवायला हवं. काही किलोओहम आले तर बहुतेक वेळा ब्रश झिजून साचलेली कार्बनची भुकटी करंट बॉडीकडे नेत असते. हीच गळती बोर्ड उडवते. ब्रश काढा, भुकटी व्हॅक्यूमने ओढा, होल्डर कोरड्या कुंचल्याने साफ करा आणि परत मोजा. रीडिंग तरीही कमीच राहिलं तर वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलंय. तिथे नवा बोर्ड लावणं म्हणजे तोही घालवणं.

ब्रश काढताना कोणती बाजू वर होती ते खुणेने लिहून ठेवा. त्यांचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसलेलं असतं, उलटे घातले तर फक्त कोपरा टेकतो आणि ठिणग्या उडतात. लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर दोन्ही एकदम बदला. होल्डरमध्ये ब्रश सहज सरकला पाहिजे. कम्युटेटरला एमरी पेपर लावू नका, बारीक सँडपेपर चालतो.

मोटर पास झाली तरच बोर्डकडे वळा. मोटरच्या जागी २३० व्होल्ट, १०० वॉटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी नको. पॉट फिरवला की उजेड हळूहळू वाढायला हवा. पॉट शून्यावर असतानाच बल्ब पूर्ण पेटला, तर मोसफेट किंवा (काही बोर्डांत त्याच कामासाठी असलेला) एससीआर शॉर्ट आहे. मोटर जोडलेली असती, तर ती थेट पूर्ण वेगाने सुटली असती. मोसफेटसोबत त्याच्या गेटचा रेझिस्टर आणि गेटला सिग्नल देणारा ड्रायव्हरही तपासा, एकटा मोसफेट बदलला की तो क्षणात जातो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सप्लाय देताना तसाच बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये ठेवा. काही बोर्डांना स्पीड सेन्सरचा सिग्नल लागतो. मोटरशिवाय ते ट्रिप होतात, तो दोष धरू नका.

मशीन चालू झाल्यावर हवेच्या झोताने चिप्स उडवायची सवय सोडा. ॲल्युमिनियमचा बारीक कीस त्याच झोताने बोर्डवर जाऊन बसतो. कमी वेगावर जड कट घेतला की करंट वाढतो आणि शाफ्टवरचा पंखा मंद असल्याने मोटर तापते, तेव्हा कटची खोली कमी करा. दिशा बदलायची असेल तर स्पिंडल पूर्ण थांबू द्या. फिरत्या मोटरला उलटं जोडलं की करंटचा जबर झटका थेट मोसफेटवर बसतो.