क्लोजरस्क्रिप्टसाठी रिॲक्टची रॅपर लायब्ररी कशी निवडावी

ब्राउझरमधला कोड जावास्क्रिप्टऐवजी क्लोजरस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल होणारे क्लोजर भाषेचे रूप) लिहायचे ठरले, की लगेच दुसरा निर्णय समोर येतो: रिॲक्टवर (स्क्रीन बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बसवलेली, ती क्लोजरस्क्रिप्टमधून सोयीने वापरू देणारी कोणती रॅपर लायब्ररी घ्यायची. डेव्हिड नोलन यांची ओम डिसेंबर 2013 मध्ये आली, पाठोपाठ रिएजंट आणि रम आल्या, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये रिॲक्ट 16.8 बरोबर हुक (साध्या फंक्शनमध्येच बदलती माहिती सांभाळण्याची सोय) आल्यानंतर हेलिक्स व यूआयएक्स यांना जोर आला. ओमचा विकास थांबलेला असल्याने नव्या कामासाठी ती घेऊ नये. रमची घडण मिक्सिनभोवती, म्हणजे कंपोनंटला वरून वागणूक जोडण्याच्या हुकआधीच्या पद्धतीभोवती, झालेली आहे, त्यामुळे खरी तुलना उरते ती रिएजंट, हेलिक्स आणि यूआयएक्स यांची.

बटण दाबल्यावर आकडा वाढवणारे नमुने तिन्हींमध्ये सारखेच सोपे दिसतात, म्हणून तुलनेसाठी आपल्या ओळखीच्या कामातली एक स्क्रीन घ्यावी. नागपुरात नव्या डेव्हलपरांना हा विषय समजावताना मी कळमना बाजाराचे उदाहरण घेतो: सकाळी आलेल्या संत्र्यांच्या ढिगांची हजारभर ओळींची यादी, प्रत्येक ओळीत गाव, आंबिया की मृग बहार आणि लिलावात ठरलेला भाव, वर गावाचे नाव शोधण्याची चौकट, दर काही सेकंदांनी ताजे भाव आणणारा टायमर आणि जावास्क्रिप्टमधून आणलेला तयार आलेख. ही एकच स्क्रीन तिन्ही लायब्ररींत लिहून पाहावी. दोन-तीन दिवस लागतील, पण पुढची काही वर्षे ज्या कोडबरोबर काढायची आहेत त्यासाठी ते फार नाहीत.

रिएजंटपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात लिहायला सर्वांत कमी लागते. कंपोनंट (स्क्रीनचा एक तुकडा) म्हणजे साधे फंक्शन, मार्कअप म्हणजे हिकप पद्धतीचे, एचटीएमएलचे टॅग दाखवणारे व्हेक्टर, आणि स्टेट (बदलती माहिती) रिएजंटच्या ॲटम नावाच्या डब्यामध्ये. कंपोनंटने ॲटम वाचला की त्याची नोंद आपोआप होते आणि मूल्य बदलल्यावर तेवढाच कंपोनंट पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो. आर्ग्युमेंट्सची तुलना मूल्याने होत असल्यामुळे, नव्याने बांधलेला पण आशयाने तोच असलेला मॅप दिला तरी ओळ विनाकारण रेंडर होत नाही. आमच्या हजार ओळींच्या यादीला याचा मोठा आधार मिळतो.

याच सोयीतून रिएजंटच्या अडचणीही निघतात. यादी आळशी सिक्वेन्सने (गरज पडेल तेव्हाच घटक काढणाऱ्या) बांधली आणि तिच्या आत ॲटम वाचला, तर ते वाचन रेंडरची नोंद संपल्यानंतर घडते आणि भाव बदलूनही ओळ जुनीच राहते. तिथे सिक्वेन्स डू-ऑलने पूर्ण करून घ्यावा. हिकप चालत्या ब्राउझरमध्ये वाचून रिॲक्टच्या एलिमेंटमध्ये बदलले जाते, त्याचाही खर्च आहे. आवृत्ती 1 च्या मालिकेत कंपोनंट मुळात क्लास बनतात, त्यामुळे हुक वापरायचा असेल तर तो कंपोनंट फंक्शन म्हणून वेगळा दाखवावा लागतो.

शोधाच्या चौकटीची चाचणी मात्र मराठीतच करावी. रिएजंट बदल गोळा करून पुढच्या ॲनिमेशन फ्रेमला रेंडर करते. ब्राउझरच्या स्वतःच्या इनपुटसाठी तिने यावर तोड केलेली आहे, पण बाहेरच्या लायब्ररीतले इनपुट घेतले तर मधोमध टाइप करताना कर्सर शेवटी उडी मारू शकतो. ‘काटोल’ हे गावाचे नाव लिहून मागे जाऊन काना किंवा मात्रा दुरुस्त करून पाहावी.

हेलिक्स आणि यूआयएक्स या दोन्हींमध्ये एलिमेंट डॉलर चिन्हाच्या मॅक्रोने (कंपाइल होताना कोड बदलणारी सोय) बनते, प्रॉप्सचा (कंपोनंटला दिलेल्या मूल्यांचा) मॅप जागेवरच लिहिलेला असेल तर बरेचसे काम कंपाइल होतानाच उरकते, आणि स्टेट रिॲक्टच्या हुकमध्येच राहते. आलेखासारखा बाहेरचा कंपोनंट इथे कमी सायासात बसतो. हेलिक्समध्ये प्रॉप्सचे रूपांतर वरवरचे असते. आतले मॅप आणि व्हेक्टर क्लोजरस्क्रिप्टचेच राहतात, हे आलेखाला डेटा देताना लक्षात ठेवावे.

टायमर लिहिताना दोन्हींत एकच चूक हमखास होते. टायमरसारखे रेंडरबाहेरचे काम करणाऱ्या इफेक्ट हुकला अवलंबने, म्हणजे जी बदलल्यावर तो पुन्हा चालावा ती मूल्ये, द्यावी लागतात. त्यांची तुलना रिॲक्ट ओळखीने (वस्तू तीच आहे का) करतो, मूल्याने (आशय तोच आहे का) नाही. गाव आणि बहार यांचा मॅप प्रत्येक रेंडरला नव्याने बांधून तो अवलंबन म्हणून दिला, तर टायमर दर वेळी मोडून पुन्हा सुरू होतो. मॅपऐवजी गाव आणि बहार ही मूल्ये वेगवेगळी द्यावीत. अवलंबनांची यादी हेलिक्स स्वतः काढून देऊ शकते; यूआयएक्स ती लिहून घेते आणि काही सुटले तर कंपाइल होतानाच इशारा देते. मला यूआयएक्सची रीत अधिक पटते, कारण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला ती यादी डोळ्यांसमोर दिसते. हुक वापरणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररींवर नवा प्रकल्प उभा राहणार असेल, तर मी यूआयएक्स घेईन.

रिएजंटमध्ये चालू असलेला प्रकल्प मात्र त्यासाठी मोडू नये. यूआयएक्सचे एलिमेंट हिकपच्या आत तसेच ठेवता येते, आणि उलट दिशेने हिकपचे एलिमेंट करून देणारे फंक्शन रिएजंटमध्ये आहे. आधी आलेख, मग शोधाची चौकट असे टोकाचे कंपोनंट हलवावेत, आणि यादी व तिचे ॲटम सर्वांत शेवटी हलवावेत.