पुस्तक बाजूला ठेवून स्क्रीनवर भरती-ओहोटी शिकवायची तर

आपल्या दापोली-गुहागर साईडला पावसात लाईट कधी जाईल नि रेंज कधी येईल काय सांगता येत नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशीच ऑफलाईन करून ठेवा. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ डाउनलोड होतात, आणि स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा लॅपटॉपवर टाकलं की नेट लागत नाही.

आता सातवीची भरती-ओहोटी घ्या. टीव्ही लगेच चालू करू नका!! आधी विचारा, उधाण कधी येतं? कोळीवाड्यातली पोरं पटकन सांगतात, अमावास्या-पुनवेला, आणि भांग, म्हणजे कमी भरती, अष्टमीच्या आसपास. का, ते वहीत लिहायला लावा, चुकलं तरी चालेल, आणि मग स्टेलॅरियममध्ये एकेक दिवस पुढे ढकलत चंद्र सूर्यापासून कसा लांब जातो ते दाखवा, अमावास्येला दोघं एकाच बाजूला, पुनवेला समोरासमोर म्हणजे ओढ एका रेषेत, अष्टमीला काटकोनात म्हणून भरती कमी. माऊस पोरांच्या हातात द्या हां, गुरुजीच क्लिक करत बसले तर तो नुसता सिनेमा.

शेवटची दहा मिनिटं स्क्रीन बंद, आकृती प्रत्येकाने न बघता काढायची. कोण अडकलंय ते तिथेच दिसतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.